उभे मामा आणि अर्जाची घडी

मामांवर लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. ज्यांना तो असेल त्यांनी मोठ्या मनाने माफ करावं. लिहिण्यातलं जे काही थोडंफार येतं ते मामांनीच शिकवलं, आणि त्याचा मी काय उपयोग केला, तेच मला सांगायचं आहे.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या खिडकीवर पुस्तकं देणारे मामा कधीच बसायचे नाहीत. खिडकीमागे खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. एक पाय लाकडी पाटावर ठेवून ते उभे राहायचे आणि थोड्या थोड्या वेळाने पाय बदलायचे. सिटी बसमध्ये जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभेच. पोरं त्यांना ‘उभे मामा’ म्हणायची. ‘मामा, बसा की, फुकट आहे,’ असं कुणी चिडवलं की म्हणायचे, ‘तू बस. माझ्या वाटचं बसून झालंय.’

ते खरंच होतं. मामा मूळचे येवल्याचे. वीस वर्षं पैठणीच्या मागावर, खड्ड्यात पाय सोडून, पुढे वाकून बसले. मग कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आणि नस दबली. बसलं की डाव्या पायात पार घोट्यापर्यंत कळ जायची. माग सुटला, आणि कुणाच्या तरी ओळखीने ही कंत्राटी नोकरी मिळाली. शर्टाखाली पट्टा बांधलेला असायचा. खालच्या फळीवरचं पुस्तक कुणी मागितलं तर म्हणायचे, ‘तळातलं तू काढ, वरचं मी देतो.’ नव्या पोरांना तो आळस वाटायचा. पहिला महिनाभर मलाही वाटला होता.

मी सुरगाण्याकडचा, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. वसतिगृहासाठी लिहिलेला अर्ज घेऊन खिडकीशी घुटमळत होतो. मामांनी तो मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, ‘हा अर्ज हाय का आईला पत्र? लय रडलायस.’ मग कोरा कागद घेतला, डावीकडे दोन बोटं सोडून घडी घातली, अंगठ्याच्या नखाने दाबली. तीच घडी उलटून परत दाबली. कागद उलगडल्यावर काठासारखी सरळ रेघ उमटली होती. ‘रेघेच्या डावीकडं साहेबाची जागा. तिथं आपण शिरायचं नाय. आधी काय पायजे ते सांग, मग का पायजे ते.’ मला वसतिगृह मिळालं. पुढे प्रत्येक अर्ज मी त्याच घडीने लिहिला.

एकदा दुपारी पुस्तक जागेवर ठेवायला मी आत गेलो, तर मामा रॅकमागे फरशीवर वर्तमानपत्र अंथरून उताणे पडलेले, पोटऱ्या स्टुलावर. मी घाबरलो. ते डोळे न उघडता म्हणाले, ‘मेलो नाय. पंधरा मिनिटं असा पडलो की पाचपर्यंत उभा राहतो. कुणाला बोलू नको. दुखणं कळलं की काढतील.’ पिशवीतून एमआरआयच्या पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता. मी मान हलवली.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर दुपारची खिडकी बंद दिसली आणि रांगेतली पोरं चिडली. कुणीतरी आत डोकावून मामांना पडलेलं पाहिलं होतं. ‘झोपतो रे तो! अर्ज देऊ,’ असं ठरलं. मग शहरातला एक मुलगा मला म्हणाला, ‘तू लिही यार, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.’ माझ्याशी तो पहिल्यांदाच इतकं बोलला होता. मामांना बरं नाही, इतकंच मला म्हणायचं होतं. मी विचारलं, ‘मुद्दे दोन करू की तीन?’

घडी घातली. नखाने दाबली, उलटून परत दाबली. ‘सदर कर्मचारी कामाच्या वेळेत झोपतात.’ खाली बारा सह्या झाल्या. मी सही केली नाही.

आठवड्याने मामांना फाटकाजवळ नोंदवहीपुढे खुर्ची मिळाली. ‘बघ, उलट आरामाचं काम मिळालं त्यांना,’ असं पोरं म्हणाली. खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून मामा अर्धवट उचललेले बसायचे, कपाळावर घाम. मला पाहून एकदा म्हणाले, ‘जेवलास का?’ मी हो म्हणून पुढे गेलो. नंतर मागच्या फाटकाने यायला लागलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर खुर्चीवर दुसराच माणूस होता.

गेल्या आठवड्यात दाखला काढायला कॉलेजच्या ऑफिसात गेलो. माझा अर्ज हातात घेऊन तिथल्या बाई थांबल्या. कागद उजेडाकडे धरून म्हणाल्या, ‘अशी घडी मी आधी एका तक्रारीवर पाहिली होती.’ मग त्यांनीच सांगितलं. मामांचं ऑपरेशन झालं, डाव्या पावलात जोर राहिला नाही, येवल्यात मुलीकडे पडून असतात. आणि तक्रार आली त्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून तो कागद पुढे ठेवला होता. ‘हे अक्षर सह्या करणाऱ्या बाराजणांपैकी कुणाचंच नाही. लिहिणारा कोण, ओळखता?’

बाई म्हणाल्या, ‘मामांनी त्या घडीवरून बराच वेळ अंगठा फिरवला. मग म्हणाले, नाय ओळखत, साहेब. पण पोरांचं बरोबर हाय. झोपतो मी.’