दादाची जाहिरात आणि माझा डबा

अप्पांना क्रिकेटचा स्कोअर बघायचा असायचा आणि मोबाईलवर मूळव्याधीच्या जाहिराती यायच्या. एकदा सोयरे बसलेले असताना चुकून बोट लागलं आणि नको ती बाई नाचायला लागली. त्यानंतर मी भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर आणून घरच्या वायफायला जोडला. घरातला कोणताही मोबाईल जाहिरात आणायला गेला की त्याला वाटेतच अडवायचं, एवढंच त्या डब्याचं काम. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डबा कुणाला विचारून नाही बसवला. वाचून, चुकत चुकत, माझा मी बसवला. अप्पा येईल त्याला तो दाखवायचे. लेकीनं केलंय, म्हणायचे. दादा समोर असला की जरा मोठ्यानं.

दादा लातूरच्या क्लासला दोनदा बसला, दोन्ही वेळा डॉक्टरकीला लागला नाही. तेव्हापासून अप्पा लोकांना सांगतात, मला एकच लेकरू हाय. दादा आता रेणापुरात मोटारसायकलींचे सीट कव्हर शिवतो.

यंदा त्यानं दुकानाची जाहिरात अप्पांच्या त्याच स्कोअरच्या अ‍ॅपवर दिली. रविवारी नारळ घेऊन घरी आला. आमच्याकडं नव्या कामाचा पहिला नारळ बापाच्या हातानं फुटतो. दुकान उघडलं तेव्हा अप्पा गेलेच नव्हते. तो राहिलेला नारळ दादाला आता फोडून घ्यायचा होता.

नारळ मांडीवर धरून तो अप्पांच्या शेजारी बसला. तुमच्या मोबाईलवर मी येतो, बघा, म्हणाला. अप्पांनी स्कोअर उघडला. खाली नुसती पांढरी पट्टी. परत उघडला, परत पट्टी. दादानं स्वतःचा मोबाईल काढला; तोही घरच्या वायफायवर, तिथंही तेच. स्टँडवर तर दिसत होती, असं तो दोनदा म्हणाला.

"मोबाईललाबी तुझं तोंड नको हाय," अप्पा म्हणाले.

आईसुद्धा हसली.

मी सांगितलं, दादाचं काही चुकलं नाही, माझा डबा अडवतोय. लॅपटॉप उघडून डबा पाच मिनिटांसाठी बंद केला. आधी मूळव्याध आली. मग रमी. मग दादा: इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले, मागं सीट कव्हरांचा ढीग. अप्पांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला आणि बराच वेळ बघितलं. दादा नारळ घेऊन अर्धा उठला.

अप्पांनी मोबाईल पालथा ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"बाई, तुझं यंत्र चालू कर."

मला काही करावं लागलं नाही. पाच मिनिटं झाली की डबा आपोआप चालू होतो. दादानं नारळ टीपॉयवर ठेवला, चहा न घेता बस पकडायला गेला.

दुसऱ्या दिवशी आईनं तो नारळ चटणीला फोडला. अप्पांनी दोनदा मागून घेतली.