मागच्या सीटवर तो

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी माझा नवरा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "तुझ्या गाडीवर मागे किती वजन चालतं गं?"

मी सिंकपाशी उभी राहून गाडी चालवायचे हातमोजे धूत होते. मला वाटलं, सामानाबद्दल विचारतोय.

"कशाचं वजन?"

"माझं," तो म्हणाला.

मी नळ बंद केला. मोटरसायकल मी दोन वर्षांपूर्वी घेतली होती. या दोन वर्षांत तो तिच्यावर एकदाही बसला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली त्या उन्हाळ्यात मी गाडी शिकले. कम्युनिटी कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये वीकएंडचा क्लास होता. सगळ्यांत वयस्क मीच. शिकवणारी बाई बाकीच्यांवर ओरडायची आणि मला मात्र "मॅम" म्हणायची. देश सोडायच्या आधी, नागपूरला कॉलेजात असताना बाबांची स्कूटर चालवली होती, तेवढंच माझं भांडवल. पास झाले, लायसन्सवर शिक्का आला, आणि महिन्याभरात एक निळी, फार जड नसलेली गाडी मी घरी आणली.

नवऱ्याने विरोध केला नाही. त्याला काही पटलं नाही की तो गप्प होतो. त्या दिवशी त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि आत जाऊन प्रथमोपचाराची पेटी आणून मागच्या डिकीत ठेवली. पुढे मी कधीही निघाले की तो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहायचा. घरातल्या चपला घातलेला, दोन्ही हात खिशात. वळेपर्यंत मला तो आरशात दिसायचा. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

स्कॉटलंडची बेटं हे त्याचं वेड होतं. त्याच्या टीममध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, मूळचे तिकडच्या पश्चिमेच्या बेटांवरचे. रिटायर होताना त्यांनी आपल्या टेबलामागचा नकाशा याला देऊन टाकला. तो आमच्या बेडरूममध्ये भिंतीवर आला. लोक झोपायच्या आधी फोन बघतात, हा नकाशा बघायचा. अंधारात मला सांगायचा, तिथे झाडं जवळजवळ नाहीतच. एका बेटावर विमान चक्क समुद्राच्या वाळूवर उतरतं, ओहोटी बघून. मी "हं" म्हणायचे आणि कूस बदलायचे. तो तिथे बसने जायचा बेत कधीपासून आखत होता आणि मीही येईन असं गृहीत धरून होता. मी नाही म्हटलं नव्हतं, पण बसच्या खिडकीतून ओले डोंगर बघायला जायची मला काही घाई नव्हती.

"बस दिवसातून दोनदाच," त्या रविवारी तो म्हणाला. "रविवारी एकही नाही. मध्येच कुठे उतरावंसं वाटलं तर उतरलो की बसलोच तिथे. म्हणून म्हटलं, तिकडे मोटरसायकल भाड्याने मिळते. तू चालवशील, मी मागे."

"आणि कार?"

"कार कोणीही चालवतं," तो म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

मी हात पुसून त्याच्या शेजारी बसले. त्याने रस्ता दाखवला. दक्षिणेच्या टोकाच्या बेटापासून सुरुवात करायची. त्याचं नाव बारा.

"बारा? आणि तेरावं कुठंय?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी दात दिसतील असा हसला. बारावरून छोटी फेरीबोट, मग समुद्रात भराव घालून जोडलेली पाच-सहा बेटं, पुन्हा फेरी, मग हॅरिस, मग लुइस. रस्ता अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. समोरून कोणी आलं की मध्ये मध्ये ठेवलेल्या रुंद जागेत थांबून वाट द्यायची. आणि सगळं डावीकडून.

"म्हणजे आपल्या नागपूरसारखं," मी म्हटलं.

"हो. पण तू आता इकडची झालीस. विसरशील."

पुढच्या शनिवारी आम्ही एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. त्याच्यासाठी हेल्मेट घेतलं होतं, दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलायचे माईक बसवले होते. मी त्याला सांगितलं, वळताना माझ्या खांद्यावरून वळणाच्या दिशेला बघ, बाकी काहीच करू नकोस. पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला गाडी डावीकडे कलली तशी त्याला वाटलं आपण पडतोय, आणि त्याने सगळं अंग उजवीकडे टाकलं. मी तर हळू चालवत होते. गाडी डगमगली, थांबली आणि सावकाश आडवी झाली. आम्ही दोघं तिच्याबरोबर.

फार लागलं नाही. त्याचं मनगट मुरगळलं, गाडीचा आरसा तुटला. आम्ही दोघांनी मिळून ती उभी केली. तो पुन्हा मागे चढला. घरी येईपर्यंत मागे अगदी ताठ बसून राहिला.

संध्याकाळी मी फ्रोझन मटारची पिशवी त्याच्या मनगटावर बांधली आणि म्हटलं, "जाऊ दे. आपण कार घेऊ. मला चालेल, खरंच."

त्याने मान हलवली.

"कार घेतली तर काय होईल माहितीये? मी शेजारी बसून तुला रस्ता सांगत बसेन. ब्रेक मार, हळू घे, तो ट्रक बघ. तू चिडशील. मग दोघंही गप्प. आपण इथे तेच करतो ना? त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?"

मी पिशवीची गाठ घट्ट केली.

"आणि तू गाडी घेऊन जातेस ना," तो पुढे म्हणाला, "तेव्हा माझं कशात लक्ष लागत नाही. मीटिंगमध्ये असलो तरी कान गॅरेजच्या दाराकडे. मागे बसलो तर निदान कळेल तरी, तुला तिथे एवढं काय मिळतं ते."

मी त्याचा हात तसाच धरून बसले. आम्ही एकाच कॉलेजात होतो. तो रोज पायी यायचा. एकदा कडक उन्हात मी स्कूटर थांबवून म्हटलं होतं, बस मागे. पोरं हसतील म्हणून तो नको म्हणाला आणि चालत राहिला. त्यालाही त्या वेळी तेच आठवलं असणार, कारण तो म्हणाला, "तेव्हाच बसलो असतो, तर एव्हाना सवय झाली असती यार."

दर शनिवारी आम्ही सराव केला. मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिला खरं वाटेना. "वेट, डॅड मागे बसणार? माय डॅड?" मग तिला दाखवायला म्हणून आम्ही सोफ्याच्या जाड हातावर एकामागे एक बसलो. मी हवेत हँडल धरून डावीकडे झुकले, तो माझ्या खांद्यावरून बघत डावीकडे झुकला. "डॅड, रिलॅक्स युअर शोल्डर्स!" मुलगी ओरडत होती. तिने फोन कुठेतरी टेकवला, खुर्ची उलटी करून बसली आणि आमच्याबरोबर झुकायला लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. ती घर सोडून गेल्यापासून आम्ही तिघं एकत्र एवढं हसलो नव्हतो.

एप्रिलमध्ये चौदा तारखेचा कार्यक्रम होता. दर वर्षी आम्ही इथली सगळी कुटुंबं मिळून एक हॉल घेतो. वंदना होते, मुलांची भाषणं होतात, मग जेवण. जेवताना कोणीतरी आमच्या बेताचा विषय काढला. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू माझ्या समोरच बसल्या होत्या, आमच्या नागपूरच्याच. त्यांनी घास तसाच धरून विचारलं, "म्हणजे गाडी तू चालवशील?"

"हो काकू."

"आन् जावई?"

"मागे बसेल."

"काहून वं? त्याले येत नाही का?"

टेबलावरचे सगळे माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. मला त्याची काळजी वाटली. अशा वेळी तो ताटात बघतो. पण त्याने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "नाही येत, काकू. हिला येतं. रस्ता हिच्याकडे, सामान माझ्याकडे."

काकूंनी त्याला नीट न्याहाळलं. "बरं हाय," त्या म्हणाल्या. "माह्या घरी तं रस्ताही माह्याकडे होता आन् सामानही." टेबलभर हशा झाला. निघताना त्यांनी आम्हाला एका डब्यात घरचा काळा मसाला दिला, तिकडच्या थंडीत लागेल म्हणून.

बेताची बाकीची कामं नवऱ्याची होती. आमचे पासपोर्ट अजून भारतीयच, त्यामुळे व्हिसा काढणं आलं. कागद भरणं, बोटांचे ठसे, मग वाट बघणं. बोटीत मोटरसायकल दोरांनी बांधावी लागते असं त्याने कुठेतरी वाचलं, म्हणून पट्टे विकत आणले आणि एका रविवारी आमची गाडी गॅरेजमधल्या लोखंडी रॅकला बांधून बघितली. इतकी पक्की बांधली की सोमवारी मला कामावर कार घेऊन जावं लागलं. तिकडे वारा फार, हे त्याच्या बोलण्यात सारखं यायला लागलं. "वारा" म्हणताना त्याचा आवाज जरा खाली यायचा.

म्हणून मेमध्ये आम्ही वाऱ्याचा सराव करायला गेलो. आमच्या जवळच्या मुकिल्टिओ बंदरातून फेरीबोटीने व्हिडबी बेटावर. फेरीवर मोटरसायकली सगळ्यांत आधी सोडतात. कारची मोठी रांग ओलांडून आम्ही पुढे गेलो तेव्हा तो माईकमध्ये म्हणाला, "अरे वा, हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं." त्याला रांगा आवडत नाहीत.

बेटाच्या उत्तर टोकाला डिसेप्शन पास नावाच्या सामुद्रधुनीवरचा पूल आहे. उंच, अरुंद, खाली हिरवं पाणी भोवरे घेत असतं. पुलावर शिरलो आणि वारा बाजूने आदळला. गाडी हातभर सरकली. मी हँडल सैल धरलं, गुडघे टाकीला दाबले, शिकवलं होतं तसं.  तेवढ्यात कानात त्याचा आवाज आला, अगदी हळू, जवळजवळ नुसता श्वास. तो वंदनेतलं त्रिसरण म्हणत होता. माईक चालू आहे हे तो विसरला असावा. आवाज कापत होता, पण त्याचं अंग माझ्याबरोबर होतं. वाऱ्याच्या धक्क्याला मी झुकले की तोही झुकत होता. धरायचा सीटवरचा पट्टा सोडून त्याने दोन्ही हात माझ्या कमरेभोवती घातले होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, चारचौघांत त्याने माझा हात धरल्याचंही मला आठवत नाही.

पूल संपला तसे आम्ही बाजूला थांबलो. त्याने हेल्मेट काढलं. केस चिकटलेले, डोळ्यांत पाणी.

"वाऱ्याने," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "माझ्याही."

आम्ही गाडीला टेकून थर्मासमधला चहा प्यायलो. त्याने पुलाकडे बघत विचारलं, "परत जायचा दुसरा रस्ता आहे ना?"

"आहे. लांबचा आहे. वळसा घालून तिकडूनच जाऊ या."

त्याने कप झटकला. "नको. ह्याच्यावरूनच चल."

व्हिसा आला, बोटींचं बुकिंग झालं. राहिली होती हॅरिसवरची रविवारची रात्र. तिथे रविवार प्रार्थनेचा, म्हणून दुकानं बंद, पेट्रोल पंप बंद. त्याने एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे एक म्हातारी बाई होती. तिचे उच्चार त्याला चटकन कळेनात, त्याचे तिला. दोघंही मोठमोठ्याने आणि फार अदबीने बोलत होते. तिने विचारलं, रविवारी मी स्वयंपाक करत नाही, आदल्या दिवशीचं सूप चालेल का? तो म्हणाला, आनंदाने. मग तिने विचारलं, गाडी कोण चालवणार?

"माय वाइफ," तो म्हणाला.

 मग ती काहीतरी लांबलचक बोलली, मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. तो मान डोलवत ऐकत राहिला, थँक यू म्हणाला, फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, फाटक उघडंच ठेवते. वाऱ्यात गाडी धरून फाटक उघडणं बाईला जड जातं, आणि मागचा माणूस घाईत उतरला तर गाडी कलंडते. शेजारच्या मेंढ्या आत आल्या तर येऊ देत, म्हणाली."

 मग उठून त्याने कुकर लावला. मी दोन कांदे घेतले आणि चिरायला बसले.