कुणग्यांतले मैदान

कोल्हापूरहून सकाळी निघालेली एस.टी. आंबोलीचा घाट उतरू लागली आणि अंगातला स्वेटर नकोसा झाला. जानेवारीचा महिना होता. वर धुके होते, खाली सावंतवाडीच्या बाजूला लख्ख ऊन. माझ्या पायाशी फुटबॉलची जाळीदार पिशवी होती आणि कंडक्टरने तिच्याकडे पाहून विचारले, "खेळायला निघालात की विकायला?"

"बघायला," मी म्हणाले.

ते खरेच होते. खेळणे गुडघ्याने कधीच थांबवले. आता मी राज्यातल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे काम करते. जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन गावातले संघ शोधायचे, त्यांची नोंदणी करायची, मैदाने पाहायची आणि कुठे काय सुरू करता येईल ते कार्यकारिणीला सांगायचे. सिंधुदुर्गात मुलींची लीग सुरू करायची होती. आरोंद्याहून फिलिपमास्तर नावाच्या एका निवृत्त शिक्षकांचे सारखे फोन येत होते, की आमच्याकडे या, मैदान आहे, माणसे आहेत. मी कोल्हापूरची. आमच्याकडे तालमीतालमींत फुटबॉल, त्यामुळे कोकणात क्रिकेटशिवाय काय सापडणार, असे मनात होतेच.

मास्तर कुडाळला घ्यायला आले होते. पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात जादा हेल्मेट. आठवडी बाजाराच्या गर्दीतून त्यांनी स्कूटर काढली आणि वेंगुर्ल्याची वाट धरली. वेंगुर्ल्याला बंदराजवळच्या एका खानावळीत जेवलो. उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचे (खाडीतल्या शिंपल्यांचे) सुके आणि सोलकढी. मास्तर जेवताना एकदाच बोलले, "मैदान बघून तुम्ही रागावू नका." मला वाटले, खडकाळ असेल.

शिरोड्याच्या अलीकडे स्कूटर पंक्चर झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, दुकान नाही, सावली मात्र भरपूर. मास्तर चाकाकडे बघत उभे असताना मागून दुसरी स्कूटर येऊन थांबली. चालवणारी तिशीच्या आतबाहेरची बाई, साडीचा पदर कमरेला खोचलेला, डोक्याला रुमाल.

"मास्तरांनू, काय झाला?"

"चाक बसला गो. तू मॅडमांक घेवन जा, मी येतंय मागसून."

तिचे नाव स्वाती. वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूच्या कारखान्यात काम करायची. हँडलवरची तिची बोटे टरफलाच्या तेलाने काळी पडली होती. वाटेत मी विचारले, गावातल्या मुली खेळतात का? ती म्हणाली, "मुलीच कशाक? मीपण खेळतंय. गोलकीपर." मग हसून तिने शहरी मराठीत सांगितले, "माझी मुलगी बालवाडीत आहे. ती गोलामागे बसते आणि मला ओरडते."

आरोंद्याला पोहोचलो तेव्हा खाडीवर संध्याकाळचा उजेड होता. पलीकडचा काठ गोव्याचा. माडांच्या रांगा पाण्यात उलट्या दिसत होत्या आणि एक होडी अगदी सावकाश त्यांच्यावरून सरकत होती. स्वातीने स्कूटर थांबवली. समोर कापणी झालेले भाताचे शेत होते. लहानलहान कुणगे (वाफे), त्यांच्यामध्ये गुडघाभर उंचीच्या मेरी (बांध), मेरींवर वाळलेले गवत.

"मैदान कुठे आहे?" मी विचारले.

"हाच," ती म्हणाली. "उद्या बघा."

रात्री मास्तरांच्या घरी मला झोप लागली नाही असे नाही, पण राग आला होता हे खरे. आमच्या नियमात साफ लिहिलेले आहे की लीगसाठी बारमाही मैदान हवे. शेत दाखवायला मला एवढ्या लांब बोलावले होते.

सकाळी घावणे आणि चहा घेऊन मास्तरांबरोबर बाहेर पडले, आणि शेताच्या कडेला पोहोचताच पाय थांबले. आख्खे गाव कुणग्यांत उतरले होते. पुरुष पिकाव (टिकाव) मारत होते, बायका घमेल्यांतून माती वाहत होत्या. चर्चमधून थेट आलेली माणसे होती, देवळातून पूजा आटोपून आलेला गुरव होता. मेरी एकामागून एक खाली बसत होत्या. निघालेली माती कडेने रचली जात होती आणि तिचा लांबच लांब चौथरा तयार होत होता. बघणाऱ्यांनी बसायचे ते त्याच्यावर.

"दरवर्षी?" मी विचारले.

"दरवर्षी," मास्तर म्हणाले. "भात कापले की मेरी काढायच्या. मे महिन्यात, पेरणीच्या आधी, ज्याची मेर त्याच्या जागी परत घालायची. एरवी आमच्याकडे भातानंतर कुळीथ पेरतात. या कुणग्यांत कोणी पेरत नाही. तेवढे पीक सोडलेले असते."

मी शेतकरी घरातली आहे. बांध म्हणजे काय, ते मला माहीत आहे. आमच्याकडे हातभर बांध सरकला म्हणून भावाभावांनी एकमेकांचे तोंड पाहणे सोडलेले मी पाहिले आहे, कोर्टात पिढ्या गेलेल्या पाहिल्या आहेत. आणि इथे माणसे आपल्या जमिनीची खूण आपल्या हाताने पुसत होती, ती जागेवर परत येईल या भरवशावर, कशासाठी, तर चेंडू सरळ जावा म्हणून. मी चपला काढल्या आणि एका बाईच्या हातातले घमेले घेतले.

दुपारपर्यंत सगळे सपाट झाले. एक मेर सोडून.

शेताच्या पूर्वेच्या टोकाला ती आडवी उभी होती आणि तिच्यावर एक म्हातारा गृहस्थ मांडी घालून बसला होता. अंगात बनियन, कमरेला पंचा. हे दत्ताराम, स्वातीचे सासरे. मेरेच्या अलीकडचा कुणगा त्यांचा, पलीकडचा धाकट्या भावाचा, भिकाजीचा. भिकाजी नोकरीनिमित्त मडगावला राहायचा. आता त्याला आपला वाटा मोजून विकायचा होता. खाडीकाठच्या जमिनीला बाहेरची गिऱ्हाइके येत होती.

मास्तर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "दत्ताराम, उठ रे."

"ही मेर काढूक मी देवचंय नाय," दत्ताराम शांतपणे म्हणाले. "मोजणी जावंदे, मगे काय ता करा. एकदा मेर गेली, की भिकाजी म्हणतलो, ती हयसर नव्हतीच."

कोणी आवाज चढवला नाही. कोणी त्यांचा हात धरून उठवलेही नाही. मेर त्यांची होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आसपासच्या गावांच्या स्पर्धेतला बायकांचा उपांत्य सामना होता, आरोंदा विरुद्ध वेंगुर्ल्याच्या कोळीवाड्याचा संघ, आणि दुपारी अंतिम सामना. पूर्वेचा गोल नेहमी भिकाजीच्या कुणग्यात लागायचा. मास्तर माझ्याकडे पाहीनात.

स्वाती पुढे आली. सासऱ्यांसमोर तिने पदर सारखा केला. "बाबा, तुमी उठू नकात. बसा थंयच. आमी गोल अलीकडे लावतंव."

तसेच झाले. पोफळीचे खांब उपटून मेरेच्या अलीकडे रोवले. गोलाची चुन्याची रेघ मेरेच्या पायथ्यापासून जेमतेम हातभर अलीकडे ओढली. मागे जाळे लावायला जागाच उरली नाही. मैदान एका बाजूने आखूड झाले. मी टेप काढली आणि परत पिशवीत ठेवून दिली.

सकाळी चौथऱ्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. दत्ताराम आदल्या दिवशीसारखेच मेरेवर, गोलाच्या खांबाला लागून बसले होते. त्यांच्या पायांशी नात. गर्दीच्या एका टोकाला इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस हाताची घडी घालून उभा होता. मास्तर कुजबुजले, "भिकाजी. मोजणीचे बघायला आलाय."

शिट्टी सावंतवाडीच्या एका तरुण शिक्षकाकडे होती. मी मध्यरेषेजवळ बसले होते. वेंगुर्ल्याच्या मुली वाऱ्यासारख्या पळत होत्या. आरोंद्याच्या बायका तेवढ्या चपळ नव्हत्या, पण एकमेकींना सोडत नव्हत्या. कोणी बूट घातलेले, कोणी अनवाणी. स्वातीने साडीऐवजी नवऱ्याची ट्रॅकपँट घातली होती आणि कोपरापर्यंत बाह्या सारल्या होत्या. चेंडू तिच्या त्या काळ्या बोटांत येऊन असा थांबायचा, की जणू तो तिथेच निघाला होता. मी मोठ्या मैदानांवर चांगले गोलकीपर पाहिले आहेत. ही त्यांच्यात बसली असती.

दोन्ही बाजू कोऱ्या असताना, सामना संपत आलेला असताना, वेंगुर्ल्याच्या एका उंच मुलीने डावीकडून फटका मारला. स्वाती खाली झेपावली. चेंडू तिच्या अंगाखालून निसटला, क्षणभर दिसेनासा झाला आणि उसळून परत तिच्याच छातीशी आला. तिने तो कवटाळला.

"गोल!" वेंगुर्ल्याच्या मुली ओरडल्या.

"नाय! खांबाक लागलो!" सगळा चौथरा ओरडला.

चेंडू खांबाला लागून आला असेल तर गोल नाही. मागच्या मेरेला लागून आला असेल तर गोल. जाळे असते तर प्रश्नच नव्हता. पंच लांब होता. तो धावत आला आणि त्याने स्वातीला विचारले. ती उठून बसली, तोंडावरची माती पुसत म्हणाली, "माका दिसला नाय. माझा तोंड खाली होता." ती खोटे बोलत नव्हती, आणि तिला खोटे बोलायला कोणी अडवलेही नसते.

मग पंचाने वर पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. तिथे एकच माणूस होता.

दत्तारामांनी पायाकडच्या मातीवर बोट ठेवले. मग म्हणाले, "गोल झालो."

गलका उसळला. "दत्तूकाका, काय सांगतास? सून तुमची आसा!"

"सून माझी आसा, बॉल माझो नाय," ते म्हणाले. आवाज तेवढाच, सावकाश. "मेरेक लागलो, माझ्या पायाकडे. माती उडाली ती मी बघलंय. नाय कशी म्हणू?"

पंचाने शिट्टी दिली. आरोंदा हरले. नात रडायला लागली आणि दत्तारामांनी तिला मांडीवर घेतले. स्वाती त्यांच्याजवळ गेली. मला वाटले, काहीतरी बोलेल. तिने मुलीचे नाक पुसले आणि सासऱ्यांना विचारले, "बाबा, पाणी व्हया?"

लोक पांगू लागले तसा भिकाजी पुढे आला. चकचकीत बुटांनी चुन्याची रेघ ओलांडून तो मेरेवर चढला आणि भावाशेजारी बसला. मी आणि मास्तर खांब काढायच्या निमित्ताने जवळच होतो, म्हणून ऐकू आले.

"दादा, मेर काढूया," भिकाजी म्हणाला. "दुपारी फायनल आसा."

"आणि मे म्हयन्यात खंय घालूची?"

"तू सांगशीत थंय."

दत्तारामांनी त्याच्याकडे पाहिले. "मोजणी?"

"मोजणीवाल्याकपण तूच दाखव. विकूचा काय ता मगे बघूया."

दत्ताराम उठले आणि घराकडे चालू लागले. भिकाजीचा चेहरा उतरला. मला वाटले, बिनसले. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोन पिकाव होते. एक त्यांनी धाकट्याच्या हातात दिला. भिकाजीने बूट काढले, इस्त्रीचा शर्ट काढून पोफळीच्या खांबावर टाकला आणि दोघांनी मेरेच्या दोन टोकांना मिळून पहिला घाव घातला. मग बाकीचे धावले. ज्यांनी थोड्या वेळापूर्वी दत्तारामांवर आरडाओरडा केला होता, तेच आता त्यांच्या हातातला पिकाव ओढून घेत होते, "काका, तुमी बसा," म्हणत.

दुपारी वेंगुर्ल्याच्या मुलींनी पूर्ण लांबीच्या मैदानावर अंतिम सामना खेळला. त्या जिंकल्या की हरल्या, हे आरोंद्यात कोणी फारसे लक्षात ठेवणार नाही. त्या जिंकल्या.

परतीच्या गाडीत घाट चढताना मी खिडकीला डोके टेकून बसले होते. इतकी वर्षे मी मैदाने मोजत आले. लांबी, रुंदी, उतार, गवत. बैठकीत काय सांगायचे याची जुळवाजुळव करत होते आणि जमत नव्हते. डोळ्यांसमोर सारखे ते सपाट झालेले शेत येत होते, ज्यात कोणाचे काय हे दाखवणारी एकही खूण शिल्लक नव्हती आणि तरीही कोणी घाबरलेले नव्हते. आपण फुटबॉल चालवतो, असे आमच्या कार्यालयात आम्ही सहज म्हणतो. मला स्वतःचीच थोडी लाज वाटली आणि त्याहून जास्त, कसे सांगू, देवळातून बाहेर पडल्यावर वाटते तसे वाटले.

कार्यकारिणीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "पावसाळ्यात या मैदानाचे काय होते?"

"भात होते," मी म्हणाले.

कोणीतरी हसले. मी जे पाहिले ते सगळे सांगितले, दत्तारामांसकट. बराच वाद झाला. शेवटी एका हंगामापुरती परवानगी मिळाली, पुढचे पुढे. बारमाही मैदानाचा नियम अजून तसाच आहे आणि तो बदलायला मला बरीच वर्षे लागतील असे दिसते.

मे महिन्यात मी रजा टाकली आहे. मेरी परत घालताना मला पाहायचे आहे. निघताना दत्तारामांना तसे म्हणाले, तेव्हा ते आपल्या उघड्या झालेल्या कुणग्यात उभे होते. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत ते म्हणाले, "येयात. पण नुसता बघूक येव नकात. खोरां घेवन येवा."

मी परवाच बाजारातून नवे खोरे आणले.