एका ओळीतला मका

आमच्या बाबांना वाकडी ओळ खपत नसे. फॅक्टरीत त्यांचं काम सुट्या भागांची मापं तपासायचं. सुताइतका फरक असला तरी माल परत. तीच नजर ते घरीही घेऊन यायचे. दोरीवरचे कपडे असोत की ताटातली लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी हवं. क्वार्टरच्या मागच्या परसात मका लावायचे, तोही असाच. दोन खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी, आणि कुंपणाच्या कडेने एकच एक सरळ ओळ. शेजारी म्हणायचे, "भाईसाहब, ये मक्का है कि परेड?" बाबांना त्यात टोमणा दिसायचाच नाही. कौतुक समजून ते सुतळी आणखी ताणायचे.

बी पांढऱ्या देशी मक्याचं होतं, पनागरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने दिलेलं. दरवर्षी सगळ्यात भरदार कणसं राखून ठेवायची, वरची सोलपटं मागे वळवून त्यांची वेणी घालायची आणि स्वयंपाकघरात खुंटीला टांगायची. पुढच्या पावसाळ्याचं बी तेच. उरलेल्याचा आई कीस करायची. कोवळे भुट्टे किसून, तुपात हिंग-मोहरी आणि हिरवी मिरची घालून परतायचे, मग दूध घालून ते आटेपर्यंत हलवत बसायचं. इंदूरवाल्यांना वाटतं, कीस फक्त त्यांचाच. वाटो बापडं. पण तो पांढऱ्या मक्याचाच हवा. बाजारात हल्ली मिळतो त्या पिवळ्या स्वीट कॉर्नचा केला की शिरा खातोय की कीस, तेच कळत नाही.

घरात मक्याचं काही वाया जात नसे. धाटं दूधवाल्याच्या म्हशीला जायची, आणि कोणाला लघवीला जळजळ झाली की कणसाचे केस उकळून आई त्याचा काढा पाजायची. घरचं एवढं असूनही रविवारी नदीवर तिलवाऱ्याच्या घाटाला गेलो की भाजलेला भुट्टा घ्यावाच लागे. बाबा प्रत्येक भुट्ट्याचा दाणा नखाने दाबून बघायचे. दूध आलं तर कोवळा, नाही तर परत. एकदा भुट्टेवाली वैतागून म्हणाली, "बाबूजी, खाना है कि इंजेक्शन लगाना है?" आई पदर तोंडाला लावून हसली होती, आणि परतताना स्कूटरवर मागे बसूनही हसतच होती. ते हसू मला अजून ऐकू येतं.

पण आईचा खरा राग दुपारचा. बाबा जेवणाच्या सुट्टीत घरी यायचे आणि हातपाय धुवायच्या आधी थेट परसात. मक्याला तुरे आले की आठ-दहा दिवस हा कार्यक्रम चाले. एकेक झाड धरायचं, वाकवायचं, तुरा शेजारच्या झाडावर झटकायचा. इकडे आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, "पोळ्या गार होऊन राहिल्या अन् साहेब झाडांशी हात मिळवून राहिले!" बाबा म्हणायचे, "आलो, आलो." आणि यायचे नाहीत. आले की शर्टावर पिवळी भुकटी. आई ती झटकताना पुन्हा एकदा बोलून घ्यायची. आम्ही पोरं याला बाबांचं खूळ म्हणायचो. घरात एकाला तरी खूळ असतंच.

रिटायर झाल्यावर आम्ही विजय नगरला घर बांधलं. अंगण जेमतेम, पण भिंतीला लागून सुतळी ताणली गेलीच. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बाबा गेले. जून आला तेव्हा आईने कोणाला न विचारता खुंटीवरची कणसं काढली, दाणे सोडवले आणि स्वतः सुतळी बांधून ओळ लावली. सगळंच्या सगळं बी लावून टाकलं. झाडं काय तरारली! माझ्या डोक्याच्याही वर. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बसायची. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच कशाची तरी वाट बघत होती, आणि मला ते बघून बरं वाटायचं.

मग तिने पहिलं कणीस सोललं. आत इथे एक दाणा, तिथे दोन, बाकी सगळं बोडकं. दुसरं तसंच. तिसरं तसंच. आई पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती एवढी रडली नव्हती. "ते गेले अन् त्यांचं बी पण गेलं," ती म्हणाली. "माझ्या हातालाच गुण नाही." मी पनागरला जाऊन आलो. तो शेतकरी आता नव्हता, त्याच्या पोरांनी शेतात मटार धरला होता, आणि पांढरा मका मागितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा पिऊन गुपचूप परतलो. म्हणजे आता जे काही होतं ते त्या बोडक्या कणसांतून वेचून आईने पदरात घेतलेले मूठभर दाणे.

माझी मुलगी शेतकी कॉलेजात शिकते. मराठी कळतं सगळं, बोलताना हिंदीत घसरते. सुट्टीला आली, कणीस हातात घेतलं आणि म्हणाली, "आजी, आबा झाडं हलवायचे ना? इस बार किसने हिलाया?"

"कोण हलवणार? ते त्यांचं खूळ होतं."

"खूळ नाही गं आजी. देख." तिने कणसाचा एक केस बोटावर घेतला. "हा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यातली पिवळी भुकटी केसावर पडली तरच दाणा भरतो. खेत में तो हवा कर देती है, कारण चारी बाजूंना मकाच असतो. इथे एकच ओळ. सगळी भुकटी उडून रस्त्यावर जाते. म्हणून आबा हाताने टाकायचे."

पनागरच्या शेतकऱ्याने बाबांना सांगितलंच असणार की दाटीने, चौकोनात लावा. पण ओळ मोडण्यापेक्षा रोज जेवण सोडून उन्हात उभं राहणं त्यांना सोपं गेलं. असा माणूस! मला हसू आलं.

आईने नातीच्या हातून कणीस काढून घेतलं. म्हणाली, "मग मला सांगितलं काहून नाही त्यांनी?" आणि मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं. "मी विचारलं तरी कधी? मी आपली पोळ्यांवरूनच भांडत राहिले."

गेल्या पावसाळ्यात तिने ते मूठभर दाणे लावले. तुरे आले तशी दुपारी पदर खोचून बाहेर. गुडघे दुखतात, हात पोचत नाही, म्हणून धाट धरून झाड खाली ओढायची आणि तुरा केसांवर आपटायची. पांढऱ्या डोक्यावर पिवळी भुकटी घेऊन आत यायची आणि झटकू द्यायची नाही. माझं जेवण कितीदा राहिलं, त्याची चौकशी कोणी केली नाही.

कणसं टोकापर्यंत भरली. आईने सगळी बियाण्याला ठेवली, एकाचाच कीस केला, आणि आम्ही तो चमचा-चमचा वाटून खाल्ला. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा खुलला होता.

मुलीने मग काडीने अंगणात चौकोन काढला. चार छोट्या ओळी. "आजी, पुढच्या साली असं लाव. हवा अपने आप कर देगी. तुला उन्हात जायला नको."

आईने चौकोनाकडे नीट बघितलं. तिला पटलं होतं, हे मला दिसत होतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण मी सुतळीच बांधीन. इतकी वर्षं ते एकटेच उन्हात उभे राहिले. आता मला राहू दे."