बिगारी कोण आणि मुकादम कोण

खराडीतल्या दोन-तीन काचेच्या इमारतींचे मजले चंद्रभागाबाईंनी डोक्यावरून वर नेले आहेत. मी त्या कामांवर गवंडी होतो, त्या बिगारी. वाशीमकडून नवऱ्याबरोबर आल्या. नवरा लवकर गेला. पुण्यात इतकी वर्षं काढली, पण बोलण्यातलं वऱ्हाडी ‘काहून’ सुटलं नाही.

त्यांच्या कामाबद्दल एकच सांगतो. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबत नाही. खाली मिक्सर फिरतो, बायका रांगेत उभ्या राहून घमेली हातोहात वर देतात. रांगेतली एक उठून गेली की तिथे खिंडार पडतं आणि शेजारणीचे हात तुटतात. चंद्रभागाबाई कधी उठल्या नाहीत. मुलगी साई तेव्हा तान्ही होती. दोन खांबांना साडीचा झोका बांधून तिला त्यात ठेवायच्या. ती रडली तरी घमेलं पुढे द्यायचं आणि मगच मान वळवायची.

एकदा वरच्या मजल्याचा स्लॅब भरताना खालचे टेकू हलायला लागले. मुकादमाने मिक्सर बंद करायला लावला. ठेकेदार तोंडाला येईल ते बोलला, घरी पाठवतो म्हणाला. मुकादम हलला नाही. टेकू बदलले, मगच काम पुढे गेलं. चंद्रभागाबाई तेव्हा त्या स्लॅबवर उभ्या होत्या. हा मुकादम त्यांच्या बोलण्यात पुढे अनेकदा यायचा.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी घमेलं सोडलं आणि पाळणाघर काढलं. आमच्या वस्तीत महापालिकेचं समाजमंदिर आहे. एक मोठा हॉल, तोही बंदच असायचा. जुन्या नगरसेवकांनी तोंडी परवानगी देऊन किल्ली दिली. बांधकामावर आणि घरकामाला जाणाऱ्या बायका सकाळी मुलं सोडायच्या, संध्याकाळी न्यायच्या. खांबाला झोका बांधायची वेळ आमच्या वस्तीत पुन्हा कुणावर आली नाही.

दोन हजार सात साली महापालिकेची निवडणूक आली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. जुने नगरसेवक घरी बसले. गावातले जमीनवाले रविराज यांनी बायकोला उभं केलं, शेफालीताईंना. रविराजांनी तालमीतल्या पोरांना शब्द दिला होता, की समाजमंदिरात जिम करणार. म्हणजे पाळणाघर गेलं. किल्ली तोंडी मिळालेली, तशीच तोंडी जाणार होती.

दुसऱ्या उमेदवार नम्रताबाई. नव्या सोसायटीत राहायच्या, कंप्युटर कंपनीत नोकरी. तिसरीही एक होती. तिने बिस्किटांचा खोका पाठवला, स्वतः आली नाही. बिस्किटं मुलांनी संपवली, विषय संपला.

वस्तीतल्या बायका चंद्रभागाबाईंना विचारून मत देणार हे सगळ्यांना माहीत होतं. रविराज बायकोला घेऊन हॉलवर आले. मी तिथे खिडकीचा गिलावा दुरुस्त करत होतो.

“चंद्रभागाबाई, काळजी नको. आपला माणूस हाय म्हणा,” रविराज म्हणाले.

“काहून हो दादा, उमेदवार तुम्ही का बाई?”

“दोघं एकच की.”

“मग पोस्टरवर तुमच्या मिशा दिसत नाहीत ते?”

शेफालीताई हसल्या. रविराज हसले नाहीत. जिमचं विचारलं तर “बघू, मार्ग काढू” म्हणाले.

नम्रताबाई आल्या त्या एकट्याच, लॅपटॉप घेऊन. वॉर्डाचा नकाशा, डे-केअरचा प्लॅन वगैरे दाखवायला लागल्या. चंद्रभागाबाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “ते मिटवा. सोमवारी या. बाया कामावर निघतात तेव्हापासून परत येईपर्यंत मुलं सांभाळा. मग बोलू.” तोच निरोप शेफालीताईंकडे गेला.

सोमवारी दोघी आल्या. माझा गिलावा अजून चालूच होता. नम्रताबाईंनी दारातच सांगितलं, “दुपारपर्यंतच थांबेन हं. ऑफिसमध्ये नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, पूर्ण सुट्टी मिळाली नाही.” मी मनात त्यांच्यावर फुली मारली. अर्धं काम म्हणजे माझ्या लेखी कामच नव्हे.

शेफालीताईंनी मात्र मला चकित केलं. पदर खोचला आणि लागल्या कामाला. एका पोराने अंगावर ओकारी केली. नळावर जाऊन पदर धुतला, मग पोराला धुतलं आणि परत आल्या. बाहेर रविराजांची जीप दोनदा हॉर्न वाजवून गेली. त्या उठल्या नाहीत.

नम्रताबाई हॉलभर फिरल्या आणि कोपऱ्यात थांबल्या. तिथे गॅसची शेगडी आणि सिलिंडर होता, पलीकडे मुलं निजायची.

“अहो, हे इथे चालणार नाही.”

“इतकी वर्षं चाललंय,” चंद्रभागाबाई म्हणाल्या.

“नशीब म्हणायचं. सिलिंडर बाहेर जाईपर्यंत मी पाळणाघर चालू ठेवा असं कुणालाही सांगणार नाही. आणि संध्याकाळी हॉल मोकळा करून द्यायचा. वस्तीतल्या मुलांना अभ्यासाला जागा नाही.”

“बाई, मतं मागायला आलात का हुकूम सोडायला?”

“मतंच मागायला आले आहे. पण खोटं सांगून नकोत.”

दुपारी त्या गेल्या. चंद्रभागाबाईंनी भांडी अशी आपटली की निजलेली दोन पोरं उठली.

संध्याकाळी बायका मुलं न्यायला आल्या. शेफालीताई अजून तिथेच होत्या, केस विस्कटलेले, कडेवर एक पोर. चंद्रभागाबाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “निवडून आलात तर या हॉलची किल्ली कुणाकडं राहील?”

शेफालीताईंनी बाहेर जीपकडे पाहिलं. “यांना विचारून सांगते.”

त्या गेल्यावर मी म्हणालो, “मत हिलाच. दिवस पुरा भरला तिने.”

“मिस्त्री, थापी आहे ना अजून? मागच्या भिंतीला लागून शेगडीपुरती खोली बांधून द्या.”

“म्हणजे ती लॅपटॉपवाली बरोबर बोलली?”

“बरोबर बोलली. म्हणून तर राग आला.”

“अर्ध्या दिवसात पळाली की.”

“पळाली नाही. सांगून गेली. तुम्हाला एवढी वर्षं स्लॅबवर काढून कळलं नाही? शेफाली चांगली बिगारी आहे. उद्या रांगेत माझ्या शेजारी उभी करीन. पण आपण बिगारी निवडतोय का? मुकादम निवडतोय. माझ्या मताची गरज असताना माझ्याच तोंडावर नाही म्हणाली, ती रविराजालाही नाही म्हणेल.”

 मी विटा आणायला गेलो.

वस्तीने तसंच मत दिलं. नम्रताबाई थोडक्या मतांनी निवडून आल्या. तालमीतली पोरं जिमचं विचारायला गेली, त्यांना नाही म्हणून सांगितलं. चंद्रभागाबाई पाळणाघरासाठी दिवसभर हॉल लेखी मागायला गेल्या, त्यांनाही अर्धं नाहीच म्हटलं. दिवसा पाळणाघर, संध्याकाळी अभ्यासिका, असा कागद झाला. आता रोज संध्याकाळी सगळी अंथरुणं गुंडाळून ठेवावी लागतात. गुंडाळताना त्या नम्रताबाईंच्या नावाने बोटं मोडतात. पुढच्या वेळी मत कुणाला, असं मी मुद्दाम विचारतो. “तिलाच. दुसरं कोण आहे?” म्हणतात.

निकालानंतर पंधरवड्याने एका सकाळी शेफालीताई हॉलच्या दारात उभ्या होत्या. जीप नव्हती. रिक्षाने आल्या होत्या.

“मधूनमधून मुलांत आले तर चालेल का?”

“घरी विचारलंत?”

“नाही. सांगून आले.”

चंद्रभागाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि कोपऱ्यातला झाडू त्यांच्या हातात दिला.

“या. पण आलात तर संध्याकाळपर्यंत. रांगेत खिंडार पाडायचं नाही.”