चंद्रीची डावी बाजू

म्हशीला जीवशास्त्र येत नाही आणि मला येतं, एवढ्या एका फरकाच्या जोरावर मी एकदा एका धडधाकट म्हशीला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं.

मी सोलापुरात भवानी पेठेत राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. माझे थोरले दीर आणि जाऊ, महादेवीअक्का, अक्कलकोटजवळच्या एका गावात शेती करतात. त्यांच्या चंद्री म्हशीचं दूध कमी झालं तेव्हा ‘घास लावा, घास लावा’ म्हणून मीच त्यांच्या मागे लागले. (घास म्हणजे साधं गवत नव्हे. लसूणघास! मेथीसारखी पानं आणि हरभरा-वाटाण्याच्या कुळातलं पीक.) जमिनीला नत्र, म्हशीला प्रथिनं, घराला दूध! मुळांवरच्या गाठी, गाठींतले जिवाणू, सगळं मी अक्कांना चुलीपुढे गाठून पाऊण तास समजावलं.

“बरं बाई, लावते,” अक्का म्हणाल्या. “पर तुज्या त्या जिवाणूपायी माजी भाकरी करपली की!”

घास लावला. डिसेंबरात गुडघ्याएवढा, हिरवागार, लुसलुशीत उभा राहिला. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं गावी गेलो आणि नेमकं अक्कांच्या भाचीचं लग्न निघालं, कर्नाटकात. घरदार आमच्यावर सोपवून सगळे जीपमध्ये बसले. जीप सुरू झाल्यावर अक्कांनी डोकं बाहेर काढलं.

“सुनंदा, काल कापलेला घास पडवीत सुकत टाकलाय. त्योच घाल, कडब्यात कालवून. रानातला वला घालू नको!”

“हो हो, अक्का!”

हो म्हणाले खरी, पण मनात हसले. ताजी पालेभाजी सोडून शिळी खायला घालायची? जीवनसत्त्वं कुठे गेली? अक्का बिचाऱ्या सातवी शिकलेल्या. (मी एमएस्सी. बीएडसुद्धा!)

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी विळा घेऊन मी शेतात गेले. दवानं निथळणारा कोवळा घास कापला आणि भारा आणून चंद्रीपुढे टाकला, लांबूनच. कारण चंद्री पंढरपुरी म्हैस. तिची शिंगं डोक्यापासून निघून पाठीवरून पार खांद्यापर्यंत जातात. तिनं माशी उडवायला मान हलवली तरी बाजूचा माणूस उडतो. पण त्या दिवशी तिनं मान वर केलीच नाही. इतकं मन लावून माझ्या हातचं आजवर कुणीही खाल्लेलं नाही! मला भरून आलं. मी दुसरा भारा आणला. वर्गात दाखवायला एक फोटोही काढला.

तासाभरानं आमचे हे चहाचा कप घेऊन गोठ्यात गेले आणि तिथूनच ओरडले, “अगं, ही गाभण आहे का?”

“नाही, का?”

“मग सकाळपेक्षा रुंद कशी काय झाली?”

मी धावले. चंद्रीची डावी कूस हलगीसारखी ताणून वर आली होती. ती मागच्या पायानं स्वतःच्याच पोटावर लाथा मारत होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय. आणि त्या क्षणी मला सगळं जीवशास्त्र आठवलं! ओला कोवळा घास, त्यानं पोटात धरलेला फेस, फेसात अडकलेला वायू, फुफ्फुसांवर दाब, मग श्वास बंद. सगळं क्रमानं आठवलं, फक्त एक तास उशिरा.

“अहो, डॉक्टरांना फोन लावा!”

“माझ्या की तिच्या?” (ह्यांचा रक्तदाब तोवर वाढला होता.)

जनावरांचे डॉक्टर पलीकडच्या गावात होते. “निघालो,” ते म्हणाले, “अर्धा तास लागेल. तोवर तिला खाली बसू देऊ नका. बसली तर अवघड आहे.”

अवघड! तो शब्द ऐकल्यापासून चंद्री जरा गुडघा वाकवायला लागली की माझाच जीव जायचा. मी बांधावरून शेजारच्या मलप्पाकाकांना हाक मारली. सत्तरीचे काका धोतर सावरत आले, कुशीवर टिचकी मारली. ढब् ढब् आवाज आला.

“यव्वा! होट्टी उब्बैत्री!” पोट फुगलंय, असं ते कानडीत म्हणाले. काका घाबरले की कानडीत शिरतात, हे मला ठाऊक होतं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी लिंबाची काठी चंद्रीच्या तोंडात लगामासारखी आडवी बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि ढेकर येईल. मग आम्ही तिघांनी ढकलून तिचे पुढचे पाय उकिरड्याच्या उंचवट्यावर चढवले.

“तेल आणा, तेल! पाजायला!” काका म्हणाले.

हे धावत गेले आणि धावत बाटली घेऊन आले. काकांनी वास घेतला.

“साहेब, हे आवळ्याचं हाय. तिची येणी घालायची हाय व्हय?”

हे पुन्हा धावले. तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. अक्का!

“उचलू नकोस!” हे शेंगतेलाचा डबा छातीशी धरून ओरडले.

“नाही उचलला तर संशय येईल!”

मी चंद्रीच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि फोन उचलला. पलीकडे सनई, हळद, गोंगाट.

“ही बघ नवरी! दिसली का? बरं, चंद्री कुटं हाय? दाव की जरा.”

मी उजवी बाजू दाखवली. पोटफुगी डावीकडून दिसते, हे विज्ञान मला आत्ता उपयोगी पडत होतं.

“उकिरड्यावर का चढलीया?”

“ऊन खातेय, अक्का.”

“तोंडात काय हाय?”

“काठी.”

“काठी कशापायी?”

मी उत्तर शोधत होते, तोच चंद्रीच्या डाव्या बाजूनं मलप्पाकाका खच्चून ओरडले, “इन्नू उब्बैत्री!” आणखी फुगतंय! अक्कांचं माहेरच कानडी मुलखातलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“सुनंदा. डावी बाजू दाव.”

आयुष्यात मी बोर्डाचे निकाल पाहिलेत, शाळा तपासणी पाहिलीय. पण फोन म्हशीच्या त्या बाजूला नेण्याएवढी अवघड परीक्षा कधी दिली नव्हती. पलीकडे सनई वाजतच होती.

“वला घातलास?”

“हो.”

“किती?”

“...आग्रह केला, अक्का.”

मी तिथेच रडायला लागले.

“रडायचं मागनं रड! फोन भावजींकडं दे. तू डाव्या कुशीवर हात चालीव, जोरात, दाबून. तेल दमादमानं पाजा, मान लई वर करू नका, न्हाय तर ठसक्यात जाईल. आगं, जवळ जा की! शिंगाला काय भितीस? ती तुला मारायच्या बेतात न्हाय, ती मरायच्या बेतात हाय!”

मी गेले. डोळे मिटून दोन्ही हातांनी ती ताठ कूस चोळत राहिले. शिंगाचं टोक माझ्या कानाशी, आतून तिचा धाप लागलेला श्वास, आणि मी एकच पुटपुटत होते, “चंद्रे, बसू नको गं, बसू नको.” फोनमध्ये एव्हाना अर्धा मांडव जमला होता. दोन भाषांतून सल्ले येत होते. नवरीनंसुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून डोकावून पाहिलं.

डॉक्टर आले. त्यांनी चंद्रीच्या तोंडातून लांब नळी आत सरकवली, फेस मोडायचं औषध ओतलं. आम्ही श्वास रोखून उभे. एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही. चंद्रीचे मागचे पाय लटपटले. मी तिच्या तोंडापाशी वाकून पाहिलं आणि तेवढ्यात तिनं ढेकर दिला. ढेकर म्हणजे काय सांगू! एसटीचा ब्रेक सुटावा तसा! घास, तेल, फेस आणि औषध यांचा सगळा अर्क माझ्या चष्म्यावर आला. मांडवात टाळ्या पडल्या. मी तशीच उकिरड्यावर बसून पुन्हा रडले, या वेळी आनंदानं.

तिसऱ्या दिवशी अक्का आल्या. गोठ्यात जाऊन त्यांनी चंद्रीच्या अंगावरून हात फिरवला, मग स्वयंपाकघरात जाऊन मला ताट वाढलं. एक शब्द नाही! (हे मला शिंगांपेक्षा भयंकर वाटलं.) मीच शेवटी म्हणाले, “अक्का, तो घास मोडून टाका.”

“का म्हून? पीक ब्येस हाय. दूध वाडलंय की.” आणि भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “संक्रांतीला ये. आमच्या बचत गटातल्या बायकास्नी घास लावायचाय. तू बोल.”

माझा ऊर भरून आला. मी तक्ते केले, मुळांवरच्या गाठींची चित्रं काढली, इस्त्रीची साडी नेसून गेले. चाळीसेक बायका जमल्या होत्या. अक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझी ओळख करून दिली:

“ह्या आमच्या बाई. घास कसा घालायचा न्हाय, ह्यात ह्यांच्याएवडं शिकलेलं आख्ख्या तालुक्यात कुणी न्हाय.”

पहिली टाळी आमच्या ह्यांनी वाजवली.