मातीचा अंगठा

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात आईबापांनी ठेवलेलं नाव दारातच गळून पडतं. आत आलात की तुम्ही एक तर रामायणातले, नाही तर महाभारतातले. गेटवरचा वॉचमन कुंभकर्ण. पिना मारणारा काडीपैलवान म्हणजे भीम. माल पोचवणारा टेम्पोवाला नारद, कारण इकडची कळ तिकडे लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आणि मी कैकयी. मागे एकदा पंखे बंद पडले, कोणी दाद देईना, तेव्हा मी काम टाकून जमिनीवर फतकल मारून बसले आणि पंखे फिरेपर्यंत उठले नाही. तेव्हापासून कैकयी. म्हणा बापडे! मला राग येतो तो मी दाखवते. पोटात ठेवून करायचंय काय त्याचं?

पण कटिंगवाल्या काकांना जे नाव पडलं, ते मला कधीच सोसलं नाही. एकलव्य.

काका कारखान्यात आले ते थप्प्या उचलायला. पुठ्ठा कापायच्या मशीनवर तेव्हा एक म्हातारा मिस्त्री होता, तो यांना जवळ फिरकू द्यायचा नाही. काका लांबून, थप्प्यांच्या आडून बघत शिकले. मिस्त्री घरी बसला तेव्हा काका मशीनवर बसले, आणि पुढे त्यांच्या हातचा पुठ्ठा कधी वाकडा गेला नाही. मग एक मोठी ऑर्डर आली. पात्यापुढे लोखंडी जाळी असते, प्रत्येक कापाला ती खाली ओढायची आणि मगच पायाने खटका दाबायचा. त्यात वेळ जातो म्हणून साहेबांनी ती काढायला लावली. काका म्हणाले, "साहेब, राहू द्या की."

"तुमच्यासारख्या कसलेल्या माणसाला जाळी कशाला?" साहेब म्हणाले. गोड बोलून गळा कापायची जुनीच रीत!

त्याच ऑर्डरीत काकांच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. साहेब फळं घेऊन दवाखान्यात आले आणि म्हणाले, "लक्ष कुठं होतं तुमचं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. काका बरे होऊन आले ते लेबलं चिकटवायच्या टेबलाशी. तिथे कोणीतरी चहा पिताना गमतीत एकलव्य म्हणालं, आणि साहेबांना ते इतकं आवडलं की पाहुणा आला की ते त्याला काकांपुढे उभं करायचे. "हा आमचा एकलव्य. कारखान्यासाठी अंगठा दिला याने."

"दिला नाही साहेब, गेला," काका दर वेळी म्हणायचे. पाहुणे हसायचे. त्यांना वाटायचं, माणूस विनोदी आहे.

मला लहानपणी ती गोष्ट सांगायचे तेव्हा मोठी माणसं डोळे पुसायची. काय ती गुरुभक्ती! मला मात्र द्रोणाचार्यांचाच राग यायचा. शिकवलं तर काही नाही, आणि मागायला आधी पुढे! पण आपल्याकडे हे असंच. भांडण झालं की महाभारत, बोलणं लांबलं की रामायण, फितूर झाला की बिभीषण. उठता बसता त्याच गोष्टी तोंडात, आणि ज्याच्या हातात कारखाना त्याने सांगितलेला अर्थ खरा.

काकांच्या जागी मशीनवर आता मी बसते. जाळीशिवाय. साहेबांकडे किती वेळा मागितली, पण पालथ्या घड्यावर पाणी. काका रोज सकाळी आपल्या टेबलाशी जाण्याआधी माझ्यापाशी थांबायचे.

"जाळी?"

मी मान हलवायचे.

"मग हातांकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस." एवढं बोलून जायचे. मी दिवसभर हातांकडे बघायचे आणि संध्याकाळी घरी लेकीच्या दोन वेण्या घालताना दहाही बोटं चालली की जिवात जीव यायचा.

अशात कारखान्याचा वर्धापनदिन आला आणि साहेबांना नाटकाची हौस आली. नाटक एकलव्याचं. द्रोणाचार्य स्वतः साहेब. अर्जुनाच्या कामाला आमचा भीम. एकलव्य कोण? "अहो, घरचाच आहे की! शेवटी अंगठा लपवायची खटपटसुद्धा नको." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

काका हो म्हणाले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले. "तुम्हाला काही वाटतं की नाही? ते जखमेवर मीठ चोळतायत आणि तुम्ही हो म्हणता?"

काका बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत होते. म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत साहेब पहिल्यांदाच मला चारचौघांत बोलायला बोलावतायत. नाही कसं म्हणू?"

नाटक गोदामात झालं. रंगमंच माल ठेवायच्या फळ्यांचा, पडदा चादरींचा. समोर आमची घरची माणसं, आणि पुढच्या रांगेत माल घेणारे बडे पाहुणे. काकू, म्हणजे काकांची बायको, माझ्या शेजारी होती. काकांच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळून त्यात एक मातीचा अंगठा खोचला होता. वेळ आली की तो काढून द्रोणाचार्यांच्या पायाशी ठेवायचा, असं ठरलेलं.

कापसाची दाढी सावरत साहेब म्हणाले, "वत्सा, गुरुदक्षिणा म्हणून मला तुझ्या उजव्या हाताचा अंगठा दे."

काका उभेच. मागून कोणीतरी त्यांचं वाक्य कुजबुजलं.

"का देऊ?" काका म्हणाले.

"अहो, पुढचं बोला," साहेब दाढीतून पुटपुटले.

"पुढचंच बोलतोय. गुरुजी, तुम्ही मला काय शिकवलंत? दारातून हाकललंत. मी माझ्या डोळ्यांनी शिकलो. मला शिकवलं असेल तर तुमच्या मातीच्या पुतळ्याने." त्यांनी फडक्यातून तो अंगठा उपसला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला. "मातीच्या गुरूला मातीचा अंगठा. हिशेब मिटला." मग फडकं सोडून चार बोटांचा हात त्यांनी सगळ्यांपुढे धरला. "हा मी कुणाला दिलेला नाही. जाळी काढली म्हणून गेला. आज त्याच मशीनवर ती समोर बसलेली आमची कैकयी असते. तिचा जायला नको असेल तर जाळी लावा."

मग काकूने टाळी वाजवली, एकटीने, जोरात. दुसरी माझी. मग सगळं गोदामच. कोणीतरी घाईघाईने चादरी ओढल्या.

दुसऱ्या दिवशी कुंभकर्ण गेटवर टक्क जागा. मान खाली घालून म्हणाला, "काका, तुम्हाला आत सोडू नको म्हणालेत." नारदाने ती बातमी माझ्याआधी आत पोचवली होती. मी सरळ मशीनपाशी गेले आणि जमिनीवर फतकल मारली. भीती नव्हती असं नाही. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हे डोक्यात फिरत होतंच. पण आता उठले असते तर स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

साहेब आले. हनुवटीला दाढीचा डिंक अजून चिकटलेला. "हा काय तमाशा?"

"कैकयी म्हणता ना मला? मग दोन वर द्या. एक, जाळी लावा. दोन, काकांना आत घ्या."

"आणि नाही दिले तर?"

"तर आज पुठ्ठा कापला जाणार नाही."

साहेब भीमाकडे वळले. "तू बस रे मशीनवर."

भीम पुढे आला. मशीनकडे बघितलं, पात्याकडे बघितलं, आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला. त्याच्यामागून लेबलवाल्या बायका आल्या, मग गोंदवाले, मग नारद. शेवटी तर कुंभकर्णाने स्वतःच गेट उघडलं आणि काकांना घेऊन तोही येऊन बसला.

साहेबांनी बंद मशीनकडे बघितलं. मग म्हणाले, "पण ती जाळी आता कुठं शोधायची?"

सगळ्यांना ठाऊक होती ती. त्यांच्या केबिनबाहेर, कुंड्यांच्या खाली.

काकांनी एकेक कुंडी बाजूला केली, जाळीवरची माती झटकली आणि ती आणून मशीनला लावली. नट आवळताना पाना चार बोटांतून निसटत होता. भीम मदतीला सरसावला तर काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा मागे सरला. शेवटचा नटही त्यांनी स्वतःच आवळला. माझे डोळे भरून आले, आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

केबिनच्या दारातून साहेब म्हणाले, "काय एकलव्या, झालं समाधान?"

काका जाळी वर खाली करून बघत होते. मागे वळलेसुद्धा नाहीत. "एकलव्य रानात एकटा होता, साहेब. नाही तर अंगठा मागायची कुणाची छाती झाली नसती."

मग मला म्हणाले, "बस बाई. काप."

मी जाळी खाली ओढली आणि खटका दाबला.